जलचिन्ह

सीमारेषेवरून चेंडू फेकला आणि
दंडातून सुकी काडी मोडल्यासारखा आवाज आला,
असं तिच्या सरांनी सांगितलं.
मी तेव्हा नाशिकरोडला, प्रेसमध्ये, चौदा नंबरच्या टेबलावर
उजेडासमोर पान धरून बसले होते.

एकवीस वर्षं हेच काम.
शाई सांडली, आकडा सरकला, धागा चुकला की
बोट आधी थांबतं, डोळा नंतर.
म्हणून डॉक्टर बूब यांनी फिल्म काचेवर लावली
तेव्हा मला दाखवावं लागलं नाही.
खांद्याच्या जरा खाली, हाडाच्या आत,
जांभळाएवढी काळी जागा,
आणि तिच्यातूनच गेलेली चीर.

"गाठ?"
"गाठ नाही, पोकळी. आत थोडं पिवळसर पाणी.
वाढत्या वयात होते काहींना. साधी असते."
साधी.
हा शब्द मी वरणासाठी वापरते.

सासूबाईंनी फोनवर विचारलं, "ते तर नाही ना?"
आमच्या घरात त्याला नाव नाही.
दीरांच्या वेळीही नव्हतं,
शेवटपर्यंत त्यांचं पोटच बिघडलेलं होतं.

मी नाव घेऊन विचारलं.
कॅन्सर. होईल का यातून, पुढे कधी?
डॉक्टर हसले नाहीत, तेवढं बरं वाटलं.
"होत नाही, असंच धरून चाला.
कुठे एखादी नोंद सापडते, लाखात एक म्हणा,
तीही वादाची."

लाखात एक.
दुसऱ्या कुणाला सांगायचं होतं हे.
माझ्या टेबलावरून लाख जातो
जेवणाच्या सुट्टीआधी.
त्यातला तो एक मी हातात धरलेला आहे.

एकदा एक पान कमी भरलं होतं आमच्या शिफ्टला.
रात्री साडेनऊपर्यंत गेट उघडलं नाही.
बायका डबे घेऊन उभ्या, कुणी कुणाकडे बघेना.
सापडलं ते दुसऱ्या पानाच्या पाठीला चिकटलेलं,
स्वच्छ, निर्दोष.
पण तेवढे साडेतीन तास
आम्ही सगळ्या चोर होतो.

रात्री देवळालीकडे तोफांचा सराव चालू होता.
खिडकीची काच थरथरायची, मग गप्प.
चैताली झोपलेली, हात झोळीत.
मी तिच्या दंडाला कान लावला,
वेड्यासारखा,
पोकळ वाजतं का बघायला.
आत रक्ताचा आवाज होता,
किंवा माझ्याच कानातला.

मग स्वयंपाकघरात जाऊन फिल्म ट्यूबसमोर धरली.
"काठ बघा," बूब म्हणाले होते,
"काठ शाबूत आहे. वाईट असतं ते काठ मानत नाही."
ही भाषा मला येते.
नखानं काठ फिरले, वरून खाली, खालून वर:
पातळ होता, चिरेपाशी मोडलेला,
पण कुरतडलेला नव्हता कुठेच.

खऱ्या नोटेत एक जागा मुद्दाम पातळ ठेवतात.
नव्या मुली पहिल्या दिवशी
तेच पान बाजूला काढतात, खराब म्हणून.
मी हसायचे त्यांना.

सहा महिन्यांनी दोन फिल्म शेजारी शेजारी.
चीर बुजली होती, पोकळीत
धुकं उतरल्यासारखं थोडं पांढरं.
"पण खाली सरकलीये ना?" मी विचारलं.
"ती आहे तिथंच आहे," बूब म्हणाले,
"मुलगी वाढली. नवं हाड वरून येतं,
पोकळी मागं पडते."
मी पुन्हा मोजलं, पट्टी मागून घेतली त्यांची.
दोन सेंटिमीटर. दिली त्यांनी, काही न बोलता.

चैताली म्हणाली, आई, चल ना, भूक लागली.
बिटको चौकात मिसळ खाल्ली.
ती डाव्या हातानं खाते आता, सवय लागलीये,
रस्सा सांडतो.
मी ओरडले नाही. मग ओरडले.

पुढची तारीख मार्चची अठरा.
कॅलेंडरवर गोल केलाय मी, पेन्सिलीनं.
आत काही लिहिलेलं नाही.