शिरपूर केंद्र, काटा नंबर दोन

बावीस हंगाम मी या काट्याशेजारी बसलो.
चिमूट उचलायची, दोन्ही अंगठ्यांत ओढायची,
तुटताना आवाज कसा येतो ते ऐकायचं,
आणि तक्त्यातल्या चार रकान्यांपैकी एकात
टिक मारायची.

सुपडू आबाचा कापूस पहाटे वेचलेला,
दवानं जरा जड, पण धागा असा
की बोट सोडायचा नाही, हट्टी पोरासारखा.
त्याला रकाना नव्हता.
दगा आप्पाचा निम्मा कवडी,
तोही त्याच गंजीवर.
भाव मुंबईत ठरलेला, पेरणीच्या आधी,
पंख्याखाली बसून कुणी सज्जन माणसानं.
सज्जनच असणार. वाईट माणूस
इतका नीट तक्ता आखत नाही.

चुकारा तीन हप्त्यांत.
तिसरा येईतो पुढचं बोंड फुटायचं.

मग रात्री बिजासन घाटात
कंदील झाकलेल्या गाड्या सुरू झाल्या.
बैलांच्या गळ्यातले घुंगरू काढलेले,
नाक्यावर पन्नासची नोट,
पलीकडे सेंधवा.
तिथला शेठ चिमूट ओढायचा माझ्यासारखीच,
फक्त त्याच्याकडे रकाने नव्हते, खिसा होता.
अंदाज चुकला तर त्याचाच फाटायचा.

वरून पत्र : आवक का घटली, कारणे कळवा.
मी लिहिलं, पाऊस.
पुढच्या वर्षी, बोंडअळी.
तिसऱ्या वर्षी खरं लिहायला बसलो
तर कारणांनाही चारच रकाने.

फाटकाबाहेर चहा विकणाऱ्या झिपरूला
सेंधव्याचा भाव पहाटे पाचला ठाऊक असायचा.
आमच्या आवक-नोंदवहीत
तो कधीच आला नाही.

एका माघात नऊ दिवस एकही गाडी नाही.
दहाव्या दिवशी मी स्वतःच काट्यावर चढलो.
बासष्ट किलो.
शिपायानं पावती फाडली, ग्रेड विचारली.
फेअर, म्हणालो.

आता तिथं लग्नाचं लॉन आहे.
सुपडू आबाचा नातू मोबाइलवर
कुठल्या समुद्रापलीकडचा भाव बघतो.
चढला तर त्याच दिवशी पैसे मोजून घेतो,
मला पेढा आणतो.
पडला की ओट्यावर येऊन बसतो.
त्याच्या आजानं माझं टेबल दोनदा उलथवलं होतं,
ते त्याला माहीत आहे.
"आते कोणले बोलू, काका?"

मी त्याच्या बाहीला चिकटलेलं बोंडूक काढतो,
दोन अंगठ्यांत ओढतो,
कान जवळ नेतो.