साडेतीन किलो

शाळेनं बोलावलं होतं, नववीच्या वर्गात,
आपल्या कामाबद्दल चार शब्द सांगा म्हणून.
माझ्या आधी बँकेतला माणूस बोलून गेला.
त्याच्या बुटांना तोर्गाईचा चिखल नव्हता.
माझ्याकडे एक आकड्याचा काटा
आणि घरी शिवलेली कापडी पिशवी.

मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं,
"प्राणी आवडतात म्हणून हे काम घेतलंत का?"
नुसतं हो म्हटलं असतं तरी घंटेपर्यंत निभावलं असतं.

आवडायची ती आमची कुत्री, अक्तोस.
सायगा नाही.
लोंबतं, सोंड व्हायची राहून गेलेलं नाक,
जणू घडवणाऱ्याला मधेच कुणी हाक मारली.
शिवाय त्यांचा वास घरात असे,
कोठीतल्या पोत्यांतून, शिंगांचा.
कारखाना बंद होता. वडिलांचा पगार थकलेला,
मोटारसायकलीला पेट्रोल मात्र कधी कमी पडलं नाही.
माझं पहिलं दप्तर म्हणजे एका नराची दोन शिंगं.

हे मी वर्गात सांगितलं नाही.

मे महिन्याचं सांगितलं.
हजारो माद्या एकाच माळावर येऊन वितात,
सगळा खेळ आठ-दहा दिवसांचा.
पाडस पहिल्या दिवशी जागचं हलत नाही,
ढेकूळ होतं, वाळकं गवत होतं.
पाय टेकायच्या आधी खाली बघायचं,
ही या नोकरीची पहिली पात्रता.
हातमोज्यांना झुसानचा कडू पाला चोळायचा,
माणसाचा वास मारायला.
मग पिशवीत घ्यायचं, काट्याला लावायचं.
आकडा थरथरतो. तो थांबेपर्यंत
श्वास धरायचा. आपला.
साडेतीन किलो. नर. नाळ ओली.
लिहायचं, होतं तिथेच ठेवायचं,
आणि दुलात गाडी घेऊन उभा असतो तिकडे
मागे न बघता चालू लागायचं.

कुणीतरी पगार विचारला. सांगितला.
वर्ग हसला, मीही हसले.
आई म्हणायची, दातांची डॉक्टर हो,
दात सगळ्यांनाच असतात.
तो अर्ज अजून खणात आहे, अर्धा भरलेला.
तो काढला होता एकदा बाहेर,
ज्या मे महिन्यात पिशवीची घडी मोडलीच नाही.
त्या वर्षी आम्ही आडवे झालेले मोजले,
काठीला फडकं बांधून, ओळीनं,
आणि चौथ्या दिवशी दुलातनं मोजणं सोडून
गाडीचं इंजिन उघडलं, काही बिघडलं नसताना.

घरी आले. वडिलांनी विचारलं, किती?
मी आकडा सांगितला.
ते उठून बाहेर गेले. चहा गार झाला.
परत आले ते दारातच उभे राहून बोलले,
"उरल्यासुरल्या आता त्या माळावर विणार नाहीत.
कोरड्या तळ्याच्या पलीकडे बघ पुढच्या वर्षी,
उंचवट्याच्या आडोशाला. उत्तरेचा वारा तिथे अडतो."

तुम्हाला कसं ठाऊक, हे मी विचारलं नाही.
नजर त्यांनी उंबऱ्यावरून उचलली नाही.

पुढच्या मे महिन्यात तिथेच होत्या.
थोड्या. पण होत्या.
आमच्या वहीत एक रकाना असतो,
माहिती कुणाकडून मिळाली त्याचा.
मी लिहिलं: स्थानिक रहिवासी.
पेन बराच वेळ त्या रकान्यावर राहिलं,
अजून तिथे शाईचा ठिपका आहे.

घंटा झाली. बँकेतल्या माणसाची पत्रकं
बाकांवर तशीच पडलेली.
ती मागच्या बाकावरची मुलगी थांबली होती.
नाव बोतागोझ, म्हणजे उंटाच्या पिल्लाचे डोळे.
पिशवी धरून बघू का, म्हणाली.
मी तिचीच पुस्तकं आत टाकली,
भूगोल, बीजगणित, एक जाड वही,
काट्यावर साडेतीन येईपर्यंत.

तिनं दोन्ही हातांनी धरली.
"एवढंच?"
एवढंच, मी म्हटलं.
आणि ती पिशवी खाली ठेवेना.
बाहेर बस भोंगा वाजवत होती.