आडनावाचा रकाना

डुकराच्या मांसाच्या कारखान्यात पहिल्या दिवशी
त्यानं विचारलं, नाव?
मी म्हटलं, नॉ.
त्याला वाटलं, मी नकार देतेय.
पुन्हा विचारलं. पुन्हा नॉ.
मागच्या रांगेतला सोमाली पोरगा खुदकन हसला
आणि बिल्ल्यावर तेवढंच छापून आलं.

आमच्या कारेन भाषेत नॉ म्हणजे बाई, ताई,
असलंच काहीसं. नावाच्या आधी लावायचं.
नाव त्याच्या पुढे: पॉ से. चांदीचं फूल.
पण थायलंडच्या छावणीत कारकुनाकडे होते तीन रकाने
आणि माझ्याकडे तीन शब्द.
त्याचं काम झालं.

नवरा सॉ ले वा, म्हणून तो मिस्टर वा.
लेक इथंच, सेंट पॉलला जन्मली: ए टू.
तिचं आडनाव टू. टू म्हणजे सोनं.
एका घरात तीन आडनावं
आणि खरं आडनाव एकाचंही नाही.
तिचा हात मोडला तेव्हा दवाखान्यातली बाई
कार्डं खालीवर करत म्हणाली,
तुम्ही हिच्या कोण?

आता वाचनालयाच्या तळघरात
निवृत्त मास्तरीण लिंडक्विस्टबाई माझा अर्ज भरतायत.
पेन्सिल थांबते. नाव बदलायचंय?
हो की नाही, खूण करा.
इथंच मागितलंत तर वेगळी फी नाही,
मात्र शपथ मग न्यायाधीशापुढेच,
म्हणजे आणखी दोन-तीन महिने.

नवरा म्हणाला, माझं राहू दे.
इंग्रजीत करवत पण सॉ, मी पण सॉ.
दोघं मिळून हाडं कापतो, काही बिघडत नाही.
सुपरवायझर म्हणाला, जेनी हो.
सात वर्षांत माझ्या कामाला
त्याला नावं ठेवता आली नाहीत,
म्हणून नाव ठेवायला निघाला.

मी आठवडाभर काहीच लिहिलं नाही.
फ्रीजवर शाळेचं एक पत्र होतं, चुंबकाखाली:
प्रिय मिसेस टू,
तुमच्या मुलीनं दोन पुस्तकं परत केलेली नाहीत.

मिसेस टू.
ही कोण, म्हणून मी किती हसले होते!
रात्री भांडी घासताना एकदम हात थांबले.

आमच्या गावात माझ्या आईला
आईच्या नावानं कुणी हाक मारली नाही.
ती पॉ से मो. पॉ सेची आई.
तिचं खरं नाव मला कळलं ते शिधापत्रिकेवरून,
तेही शिक्का पडून अर्धं पुसलेलं.
पहिलं मूल झालं की तिथं बाईचं नाव बदलतं.
अर्ज नाही, मुलाखत नाही,
शेजारीण कुंपणावरून हाक मारते, झालं.
आपण लेकराचं नाव ठेवायचं
आणि मग लेकरानं आपलं.

शाळेला यातलं काही ठाऊक नव्हतं.
शाळेनं फक्त चूक केली होती,
आणि बरोबर केली होती.

लिंडक्विस्टबाईंनी दोनदा विचारलं,
मुलीचं आडनाव आईला? नक्की?
मी म्हटलं, येस.
त्या घरात आम्ही नॉ फार वेळा म्हटलेलं आहे.

मार्चमध्ये कोर्टात चौऱ्याण्णव माणसं उभी होती.
हिरवी कार्डं परत घेतली, टोपलीत टाकली.
पुकारा झाला, पॉ से टू,
आणि मी बसूनच राहिले,
कोण आहे बरं ही, उठत का नाही.
लेकीनं कोपर मारलं. बऱ्या झालेल्या हातानं.
नवरा फोटो काढत होता, सगळे हललेले आले.

पगारपत्रकावर आता नवं नाव येतं.
लॉकरवरची जुनी पट्टी मात्र मी खरवडली नाही.
पहाटे पाचला त्या गार हॉलमध्ये
अजून लाईनभर ओरडतात, नॉ! नॉ, इकडे!
मेक्सिकोचे, सुदानचे, इथले गोरे बुवासुद्धा.
इतकी वर्षं सगळे मला ताई म्हणतायत.
सांगितलं नाहीये अजून.