अर्धी गोळी

बोबडे साहेबांनी फोनवर आधी वजन विचारलं.
बैल असता तर नजरेनंच सांगितलं असतं, म्हणाले,
मांजराचं आपल्याले काही समजत नाही भाऊ.
चक्की आहे ना तुमची? मोजा.

ज्वारीचा डबा उतरवून
तिला काट्यावर ठेवली. दोन किलो नऊशे.
नंबर लावून बसलेली लोणकरांची सून म्हणाली,
झटकून मोजा ना बाप्पा,
पावभर तर पीठच असंल.

खरं होतं. मूळची ती काळी,
हे आमच्या घराबाहेर कोणाला माहीत नाही.
पट्ट्याजवळ जन्मली, बारदान्यावर वाढली,
भुरी हे नाव तिला पिठानं दिलं.
आता बोक्यानं कानामागे फाडलं होतं,
जखम पिकली होती,
आणि तीन दिवसांपासून उंदीर
तिच्या पुढून वरातीसारखे जात होते.

अर्धी गोळी, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस.
पावशीवर ठेवून पहिली कापली
तर एक अर्धी सरळ चुलीत.

करिश्मा वर्ध्याहून शिकवत होती
(नर्सिंगचं दुसरं वर्ष, आवाज मोठ्या सिस्टरचा):
बाबा, टॉवेलात गुंडाळा. मान वर करा.
जिभेच्या मागे टाका, मग गळा कुरवाळा.
गिळते.

गिळते म्हणे.
टॉवेलातून तो पंजा कुठून निघाला
ते मला अजून समजलं नाही.
क्विंटलाचं पोतं पाठीवर घेणारा मी,
तीन किलोच्या जिवानं घामाघूम केला.
तोंड असं मिटलेलं
जसं गंजून बसलेलं डब्याचं झाकण.

शशिकला चुलीपुढून म्हणाली,
काऊन दाबून रायले तिले? भाकरीत द्या ना.
भाकरीत दिली. भाकर गेली,
गोळी ताटलीत, धुतल्यासारखी.
सुकटीत दिली. सुकट गेली.
मग शशिकलानं स्वतःच्या वाटणीची साय काढली,
माझ्यासाठी इतक्या वर्षांत न काढलेली.
साय गेली.

तिसऱ्या दिवशी जमलं.
चक्की सुरू केली, पट्टा घरघरला
आणि ती सैल पडली.
त्याच आवाजात डोळे उघडले होते ना तिनं.
तेवढ्यात बोट, गोळी, गळा.
गळा हलला. बोटाखाली मला कळला तो घोट.
दोनदा रोज. लोक पायल्या घेऊन थांबलेले,
मी मांजराचा गळा कुरवाळत बसलेलो,
कोणी काही बोललं नाही.

पाचव्या दिवशी खपली धरली.
सहाव्या दिवशी माझ्या चपलेशेजारी उंदीर,
मुंडकं नसलेला,
उधारी चुकती केल्यासारखा.

शनिवारी दिवसभर लाइन नव्हती.
झाडायला म्हणून थप्पी सरकवली
तर मागे पिठात, मुंगळ्यांनी ओढत नेलेली एक,
भिंतीच्या पोपड्यात एक, बाकी अशाच,
अर्ध्या गोळ्या.
मोजल्या. सहाच्या सहा.

मग बरी कशानं झाली,
हे बोबडे साहेबांना विचारलं नाही.
त्यांना उगाच वाईट वाटलं असतं.
तिलाही विचारलं नाही.
पोत्यावर बसून ती पाय चाटत होती,
आणि जिथं जिथं चाटलं
तिथं तिथं काळी होत होती.

रात्री फोन आला.
बाबा, गोळी घेतली का?
भुरी मांडीवर होती.
बंडीच्या खिशात माझी बीपीची पट्टी,
मागच्या महिन्यातली,
एकही फुगा न फुटलेली.
हो, म्हटलं.
कोणाची विचारते ते तिनं सांगितलं नाही,
मीही खोदून विचारलं नाही.

शशिकलानं हातातली परात खाली ठेवली.
माझ्या खिशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
आणि काही न बोलता
टॉवेल आणायला उठली.