जोडीची पेटी

पिस्तुलं दोन, असं पत्रात होतं.
म्हातारा आला तेव्हा फडक्यात एकच.
"दुसरं?" डेल्फिनानं विचारलं.
तो खिडकीतून मेल्ला नदीकडे बघत राहिला.
"जागा दोघांची करा."

कागदावर आडवं ठेवून तिनं पेन्सिल फिरवली:
नळी, घोडा, मुठीचा बाक.
मग कागद फिरवून तीच रेघ पुन्हा,
याच्या मुठीशी त्याची नळी.
झालं दुसरं.

ओक नको, त्याचा आंबटपणा लोखंड खातो.
अक्रोडाची पेटी, आत पाइनचे ठोकळे
पटाशीनं केसभर, केसभर कोरलेले.
सरस बेताचा. जास्त झाला
की मखमलीतून वर येतो, डाग कायमचा.
लव सगळी बिजागरीकडे.

शनिवारी म्हाताऱ्यानं पिस्तूल ठेवलं.
बसलं.
तिनं झाकण लावून पेटी कानाशी हलवली.
काही वाजलं नाही.

पैसे मोजताना तो दोनदा चुकला.
मग रिकाम्या खोबणीतून त्याचं बोट
सावकाश गेलं, मुठीशेजारच्या खाचेपर्यंत.
उचलताना बोट शिरावं म्हणून
ठेवतात ती खाच.
तिथेही ठेवली होती तिनं.