गळपट्टा

निजामपूरच्या वरच्या माळावर
कुसळं पिवळी पडली की मी वही काढते.
रविवारी सकाळी सातची एसटी.
कंडक्टर ओळखतो आता, दुर्बिणीकडे बघून विचारतो,
आज कोणाची हजेरी घ्यायची?

लांबून रंग खोटं बोलतो, हे पहिल्याच हिवाळ्यात कळलं.
उन्हाकडे पाठ करायची
आणि आधी बघायचं, तो हवेत राहतो कसा.
कापशी जागच्या जागी फडफडते, पाय खाली लोंबत सोडून.
खरूचीही थांबते, पण शेपूट पंख्यासारखी उघडून.
तिसा हवेच्या भानगडीत फारसा पडत नाही,
खांबावर बसून राहतो
थकबाकी वसुलीला आलेल्या माणसासारखा.
सापमार वाऱ्यावर टांगलेला, डोकं घुबडाचं,
एकदा त्याच्या चोचीतून अर्धी धामण लोंबताना पाहिली,
त्या दिवशी डबा उघडलाच नाही.

आणि भोवत्या.
तो गवतावरून हातभर उंचीने जातो, पंख किंचित वर धरून,
नुकत्या सारवलेल्या अंगणातून
चपला हातात घेऊन जावं तसा.

नर सोपे.
माझी वही अडते मादीपाशी.
पांढुरकी, की माँटेग्यूची?
दोघी तपकिरी, दोघींच्या शेपटीच्या बुडाशी पांढरा डाग,
दोघी हिमालयापलीकडून याच टोळांसाठी येतात.
फरक गळ्याशी:
पांढुरकीच्या मानेला फिकट गळपट्टा असतो, मागे गडद कड.
तो दिसावा म्हणून श्वास धरते,
तोवर ती टेकाडाआड.
चार हिवाळे, एकशे बारा नोंदी,
एकशे बारा प्रश्नचिन्हं.
अक्षर माझं चांगलं आहे. प्रश्नचिन्हंही वळणदार आलीत.

परवा एकोणचाळीस नंबरच्या पवनचक्कीचा रखवालदार,
वेडू बागूल, लांबूनच हात करत आला.
"मॅडम, हाई देखा. घार शे का?"
सिमेंटची गोणी. आत जुना पेपर, पेपरात ती.
"रातले पडनी. कुत्रा लई जातीन म्हनीसन ठेई दिनी."

चार वर्षं जिला टिचभर पाहिली
ती मांडीवर मावेना.
पंख उघडला तर उघडतच गेला.
चोचीच्या कडेला टोळाची एक तंगडी, अजून हिरवी.
एका बोटाने मान वळवली.
होता. गळपट्टा होता,
पोराने खडूने ओढलेल्या रेघेसारखा, थोडा वाकडा.
तरी मी पंखाच्या बाहेरच्या पिसाची खाच तपासली,
पट्टीने मोजली, दोनदा.
शंका राहायला जागाच नव्हती.
वजन काहीच नव्हतं.

"नाव काय शे इन्हं?"
पांढुरका भोवत्या.
"पांढरी कोठे शे हाई? भुरी शे ना."
नराचा रंग पांढुरका, त्याच्यावरून ठेवलंय, मी म्हटलं.
वेडू जरा वेळ गोणीकडे बघत राहिला.
"आमना घरनं मीटरबी अजून बापना नाववर शे."

एकशे तेरा. पांढुरका भोवत्या, मादी.
तारीख, वेळ, वारा नैर्ऋत्येचा.
पुढे पेन टेकवून बसले, लिहायला काही उरलं नव्हतं.
वर पाती फिरत होती,
दर फेरीला तिची सावली आमच्या पायांवरून,
गोणीवरून, पुन्हा पायांवरून.

मग वेडूनेच आधी पाहिली.
"ती देखा. ती देखा ना!"
उताराकडून एक येत होती, सावकाश, गवत चाळत,
तपकिरी, बुडाशी पांढरं.
दुर्बीण गळ्यातच होती.
उचलली तेव्हा ती बेचाळीस नंबरच्या बुंध्यापाशी,
डोळ्यांत ऊन, मान कुठे, पट्टा कुठे,
काही कळलं नाही. आमचे दोघांचे श्वास मात्र
पात्यांच्या तालावर अडकलेले.

"खालतून गयी," वेडू म्हणाला.

एकशे चौदा. भोवत्या, मादी, पुढे प्रश्नचिन्ह.
शेरा: पात्यांखालून गेली.