दहा नंबरची काच

सीताबर्डीच्या दुकानात एनडी फिल्टरचा भाव विचारला.
नऊ हजार चारशे.
दुकानदाराला थँक्यू म्हणून
पायऱ्या उतरताना आठवलं,
पलंगाखाली टिनाच्या पेटीत बाबांची काच आहे.

दहा नंबर. हिरवट काळी.
एका कोपऱ्याचा टवका उडालेला.
हिंगण्याच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं
तिच्यातून त्यांनी पाहिलं
आणि पाहिलं काय, तर एक ठिणगी.
बाकी शेड, मुकादम, जेवणाचा डबा,
सगळं काळ्यात.
कधी घाईत ती न लावताच टाका मारला
की रात्री डोळ्यांत वाळू.
आई बटाट्याचे काप करून पापण्यांवर ठेवायची
आणि मी टीव्हीचा आवाज बारीक करायचे,
जणू आवाजानंही डोळे भाजतात.

मे महिना. फुटाळा. दुपारचे पावणेबारा.
काठावर चिटपाखरू नाही असं म्हणावं
तर तिघे पोट्टे गाडीवर, एक उसाचा रसवाला,
आणि बाबा.
डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा,
रेलिंगला टेकून बसलेले.
"हे रेलिंग माह्या हातचं आहे," म्हणाले.
शहरातलं प्रत्येक रेलिंग त्यांच्याच हातचं असतं.
मी आता खोडून काढत नाही.

आधी फोकस, मग अंधार.
हा क्रम चुकला तर सगळं फुकट,
कारण काच लावल्यावर कॅमेऱ्याला काही दिसत नाही,
मलाही नाही.
म्हणून त्यांच्या मिशीवर फोकस धरला,
रिंग चिकटपट्टीनं बांधली,
ट्रायपॉडला पाण्याची बाटली लटकवली,
काच दोन रबरांनी लेन्सवर आवळली.
मागच्या खिडकीतून ऊन आत शिरू नये म्हणून
त्यांचाच रुमाल वर टाकला.

"नव्वद सेकंद हलू नका, बाबा."
"मी कुठं हलून राह्यलो?
हात हलून राह्यले. त्याईले सांग."

दोन वर्षं झाली हाताला.
चहा बशीत सांडतो.
शर्टाची वरची गुंडी मी लावते
आणि ते खिडकीबाहेर बघत राहतात,
जणू हे दुसऱ्या कुणाचं चाललंय.

बटण दाबलं.
नव्वद सेकंद किती मोठे असतात
ते उन्हात उभं राहून मोजल्याशिवाय कळत नाही.
पोट्टे गाडी काढून गेले.
एक बाई छत्री घेऊन फोटोतून आरपार चालत गेली.
एक कुत्रं आलं, बाबांना हुंगलं,
त्याचं काही ठरेना, परतलं.
वाऱ्यानं तळ्यावर किती वेळा तरी
लिहिलं आणि पुसलं.
मी मोजत होते.
एकाहत्तरला बाबांनी ओठ हलवले.
कुत्र्याला काही बोलले असावेत.

मग काच काढली.

स्क्रीनवर फुटाळा म्हणजे तापवून थंड केलेलं दूध,
त्यावर साय धरल्यासारखं पाणी.
पोट्टे नाहीत. बाई नाही. छत्री नाही.
कुत्रं आलंच नव्हतं.
रसवाल्याची गाडी आहे, रसवाला नाही.
सगळ्यावर शेवाळी हिरवा रंग,
जो घरी कॉम्प्युटरवर काढता येतो.

आणि बाबा.
दुपट्ट्याची किनार, मिशी, रेलिंगचा टाका न् टाका,
खिशातल्या कांद्याचा फुगवटासुद्धा
बोट लागेल इतका स्पष्ट.
फक्त मांडीवर, जिथं हात होते,
तिथं पांढरट काहीतरी
वर निघालेलं.

दाखवू की नको?
त्यांनीच कॅमेरा ओढून घेतला.
स्क्रीनवर सावली धरली, डोळे बारीक केले,
बराच वेळ पाहिलं.

"धूर बरोबर आला," म्हणाले.
"टाका पक्का बसला की असाच निघते."

मग कांदा बाहेर काढून हुंगला,
परत खिशात ठेवला,
आणि रसवाल्याला हाक मारली,
दोन ग्लास, बर्फ कमी.

हिरवा रंग मी अजून काढलेला नाही.